सर्व्हरची रॅम चुकते तेव्हा: नोंद कशी ठेवायची, आणि सर्व्हर कधी थांबवायचा?

बिंदुसरा | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, हा विषय इथे तुकड्या-तुकड्यानं येऊन गेलाय, पण एका जागी सलग बोलणं झालेलं नाही. बीड, माजलगाव, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या पतसंस्था, दवाखाने आणि एक-दोन कारखाने यांचे सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक ठिकाणी ईसीसी रॅम (चूक ओळखून दुरुस्त करणारी) आहे, म्हणजे जास्तीचे पैसे मोजून घेतलेली आहे. आणि बहुतेक ठिकाणी ती रॅम जे सांगते ते वाचणारं कुणीही नाही. लॉग बंद असतो, नाहीतर भरून गेलेला असतो, नाहीतर "करेक्टेड एरर" दिसली की "दुरुस्त झालीय ना, मग सोडा" असं होतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. साध्या ईसीसीत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट साठवलेले असतात. एक बिट उलटला तर मेमरी कंट्रोलर तो ओळखतो आणि दुरुस्त करून देतो. दोन उलटले तर "इथे गडबड आहे" एवढं ओळखतो, दुरुस्त करू शकत नाही. हे गणित बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंग यांचं, त्यांचा निबंध १९५० सालचा. पहिल्या चुकीला आपण सीई (करेक्टेड एरर) म्हणू, दुसरीला यूई (अनकरेक्टेड एरर).

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक सीई मोजली गेली पाहिजे आणि ती नेमक्या कुठल्या स्टिकवर (रॅमच्या पट्टीवर) आली ते कळलं पाहिजे. यूई सापडली तर तो डेटा कुठल्याही प्रोग्रॅमच्या हाती जाता कामा नये, मग त्यासाठी प्रोग्रॅम मारावा लागो की अख्खा सर्व्हर. आणि या सगळ्याची नोंद त्याच सर्व्हरच्या पोटात पडून राहता कामा नये.

तुमच्याकडे काय चालतं? ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर आवर्जून लिहा.

मोंढ्यावरचा | सोमवार, रात्री ९:३४

लातूरहून. आमच्या आडत दुकानाच्या सर्व्हरवर हे सारखंच होयलंय. सोयाबीनच्या सीझनमध्ये दुपारी पट्ट्या करायला बसलं की "आऊट ऑफ मेमरी" येतं आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद पडतं. रॅम खराब झाली म्हणून बदलून घेतली, तरी तेच. हीच ती मेमरी एरर का दादा?

वाळूज_रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:५८

नाही दादा, ते वेगळं. तुमच्याकडे रॅम पुरत नाही. लिनक्सवर मेमरी संपली की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर एखादा जास्त खाणारा प्रोग्रॅम निवडतो आणि मारतो. त्याची ओळ लॉगमध्ये स्पष्ट असते, कुठला प्रोग्रॅम मारला आणि तो किती मेमरी खात होता ते तिथेच लिहिलेलं असतं. त्यात रॅमच्या स्टिकचा काही दोष नाही, त्यामुळे ती बदलून फरक पडणार नव्हता. डेटाबेसला किती मेमरी वापरायची मुभा दिलीय ते बघा, आणि एकाच वेळी किती जण रिपोर्ट काढतात तेही. वेगळा धागा काढलात तर तिथे नीट बघू.

या धाग्यावर आपण बोलतोय ते बिट उलटण्याबद्दल. दोन्हींना लोक "मेमरी एरर" म्हणतात आणि तिथूनच चुकीची वस्तू बदलली जाते. तसंच लॉगमध्ये "हार्डवेअर एरर" किंवा "मशीन चेक" दिसलं म्हणजे रॅमच, असंही नसतं. ती प्रोसेसरच्या कॅशची असू शकते, एखाद्या बसची असू शकते. प्रोसेसरमधल्या कुठल्या बँकेनं (चुका नोंदवणाऱ्या भागानं) तक्रार केलीय ते वाचल्याशिवाय स्टिकला हात लावू नये.

आता बिंदुसरा यांच्या मूळ मुद्द्यावर. ६४ अधिक ८ हे मूळ रूप झालं. सर्व्हरच्या प्रोसेसरांत त्याच्या पुढची सोय असते. आयबीएमनं तिला चिपकिल नाव दिलं, इंटेल एसडीडीसी म्हणतं. स्टिकवरची एक पूर्ण चिप बिघडली तरी डेटा सावरता येतो. हे चांगलंच आहे, पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्या. चिप मरायला लागली तरी सर्व्हर निमूट चालत राहतो, बाहेर दिसते ती फक्त सीईची वाढती संख्या. तीच वाचली नाही तर पुढचा टप्पा यूईचा. म्हणजे यंत्रणा जितकी सोशिक, तितकी मोजणी जास्त महत्त्वाची.

कारखाना_ईडीपी | सोमवार, रात्री १०:२०

बिंदुसरा साहेब, नोंदीचं सगळं मान्य. पण "सर्व्हर थांबवा" हे मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

मी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात आहे. गाळप हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. पहाटे दोन वाजता ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या रांगेत उभ्या असतात. तोडलेला ऊस तसाच उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं. अशा वेळी सर्व्हरनं "एक बिट बिघडला" म्हणून पॅनिक करून, म्हणजे कर्नलनंच हात टेकून, बंद पडायचं? सर्व्हर विकत घेतो तो चालत राहावा म्हणून. मी तर म्हणतो की लॉगमध्ये लिहा, लाल दिवा लावा, पण चालू ठेवा. हंगाम संपला की स्टिक बदलू.

बिंदुसरा | सोमवार, रात्री ११:०५

@कारखाना_ईडीपी, तुमची अडचण खरी आहे. सीईच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसंच करावं, चालू ठेवावं. पण यूई म्हणजे तो आकडा काय होता हे आता कुणालाच माहीत नाही. कंट्रोलर सांगतोय की इथला डेटा खोटा आहे. तो घेऊन पुढे जायचं म्हणजे खोटा आकडा पावतीवर छापायचा.

आणि बिट कुठला उलटेल ते आपल्या हातात नसतं. २००३ साली बेल्जियममध्ये शारबेक इथे मतदान यंत्रानं एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दाखवली होती. मतं शक्यतेपलीकडे गेली म्हणून ती लक्षात आली. ४०९६ म्हणजे बरोबर २ चा १२ वा घात, म्हणून एकच बिट उलटला असावा असा निष्कर्ष काढला गेला. हाच बिट तुमच्या काट्याच्या आकड्यात किलोमध्ये उलटला तर एका ट्रॉलीला ४ टनांहून जास्तीचा फरक. उसाचं बिल वजनावर निघतं. शेतकऱ्याचे ४ टन गेले तर ते शोधायचे कुठून? ट्रॉली रिकामी होऊन परत गेलेली असते. काटा अर्धा तास थांबला तर रांग वाढते, पण ती सकाळपर्यंत ओसरते. चुकीची पावती खात्यात गेली की ती कायमची.

दुसरं, सर्व्हर थांबला म्हणून काटा थांबायचं कारण नाही. वजनाचा आकडा काट्याच्या इंडिकेटरवर दिसतो, तो सर्व्हरवर अवलंबून नसतो. छापील क्रमांकाचं पावती पुस्तक काट्याच्या केबिनमध्ये ठेवा आणि सर्व्हर उठल्यावर नोंदी चढवा. ही तयारी हंगामाआधी करायची गोष्ट आहे.

हिमरू | मंगळवार, सकाळी ७:४५

संभाजीनगरहून, डेटाबेसचं काम करते. वरच्या दोघांच्या मधली एक वाट आहे आणि ती लिनक्समध्ये २००९ पासून आहे, म्हणून लिहिते.

यूई आली की सर्व्हर थेट मेलाच पाहिजे असं नाही. ज्या प्रोसेसरांत रिकव्हरीची सोय आहे तिथे कर्नल आधी बघतो की ते पान (मेमरीचा छोटा तुकडा) कुणाचं आहे. पान एखाद्या फाइलची न बदललेली प्रत असेल तर ते टाकून देतो, पुढच्या वेळी डिस्कवरून पुन्हा वाचलं जातं, कुणालाही काही कळत नाही. पान एखाद्या प्रोग्रॅमच्या बदललेल्या डेटाचं असेल तर ते सगळ्यांच्या नकाशातून काढलं जातं, आणि जो प्रोग्रॅम त्याला हात लावेल त्याला सिगबस जातो, म्हणजे तो मरतो. पान कर्नलचं स्वतःचं असेल तर मात्र पॅनिकशिवाय सहसा गत्यंतर नसतं. जुन्या आणि स्वस्त प्रोसेसरांत ही सोय नसते, तिथे सरळ पॅनिक. म्हणून कोटेशन मागवताना हे विचारून घ्या.

पोस्टग्रेसचं उदाहरण देते. त्याचं एक बॅकएंड (एका कनेक्शनचं काम बघणारी प्रोसेस) असं मारलं गेलं तर मुख्य प्रोसेस बाकीची सगळी बॅकएंड बंद करते, शेअर्ड मेमरी नव्यानं मांडते आणि वॉलमधून (बदलांच्या नोंदवहीतून) शेवटच्या कमिटपर्यंतचा, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारापर्यंतचा, डेटा परत उभा करते. जोडलेल्यांची कनेक्शन तुटतात, अर्धवट व्यवहार रद्द होतात, पण झालेला कमिट जात नाही. बहुतेक वेळा हे लवकर आटोपतं. ईडीपी साहेबांना हवं असलेलं "चालू राहणं" आणि बिंदुसरांना हवा असलेला "खोटा आकडा नको" हे दोन्ही इथे साधतं.

आणि कुणी म्हणेल की डेटाबेसमध्ये चेकसम (पानाच्या मजकुरावरून काढलेले ताळ्याचे आकडे) चालू आहेत, मग ईसीसीची काय गरज? चेकसम पान डिस्कवर लिहिताना काढला जातो. बिट त्याआधीच रॅममध्ये उलटला असेल तर चुकीच्या पानावर बरोबर चेकसम बसतो. मग ते पान बॅकअपमध्ये जातं, रेप्लिकावर (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) जाऊ शकतं, आणि सगळीकडे "व्हॅलिड" म्हणून उत्तीर्ण होतं. डिस्कच्या चुकांवर चेकसम हा उपाय आहे, रॅमच्या चुकांवर नाही.

कारखाना_ईडीपी | मंगळवार, सकाळी ८:३०

हिमरू ताई, हे मला पटतं. मारायचं तर प्रोग्रॅम मारा, अख्खा सर्व्हर नको. पण पॅनिक झालंच तर? आमच्याकडे रात्रपाळीला संगणकाचा माणूस नसतो. सर्व्हर काळ्या पडद्यावर अडकून बसला तर सकाळपर्यंत तसाच.

वाळूज_रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:५२

त्यासाठी कर्नलची पॅनिक सेटिंग आहे, पॅनिकनंतर इतक्या सेकंदांनी आपोआप रिबूट हो असं सांगता येतं. ती मुळात शून्य असते, म्हणजे अडकून बस. १० किंवा ३० द्या. रिबूटमध्ये काही कंपन्यांचं फर्मवेअर यूई आलेली स्टिक बाजूला ठेवून उरलेल्या रॅमवर सर्व्हर उठवतं. डीडीआर४ पासून पोस्ट पॅकेज रिपेअर अशीही सोय आहे, चिपमधली बिघडलेली ओळ कायमची एका राखीव ओळीकडे वळवता येते. ज्या सर्व्हरात ती दिलेली असते तिथे ती बहुधा रिबूटच्या वेळीच चालते. म्हणजे रिबूट होऊ न देणं हे दुरुस्ती अडवून ठेवण्यासारखंही ठरू शकतं.

पण पॅनिकचा लॉग त्याच सर्व्हरच्या डिस्कवर जाईल ही आशा ठेवू नका, पॅनिकमध्ये फाइलसिस्टिमला लिहायची संधी मिळेलच असं नाही. नेटकन्सोल लावा, शेवटच्या ओळी नेटवर्कवरून शेजारच्या मशीनकडे जातात. फर्मवेअरमध्ये जपून ठेवायची पीस्टोअरची सोय असेल तर तीही चालू करा.

जिनिंग_परभणी | मंगळवार, सकाळी १०:१५

इतका वेळ उन्हाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. सर्व्हर एका पत्र्याच्या ऑफिसात, लाईट गेली की एसी बंद. गरमीनंच रॅम चुकते असं आमचा इंजिनिअर म्हणतो, म्हणून उन्हाळ्यातल्या एरर तो धरतच नाही. पावसाळ्यात आपोआप जातील म्हणतो.

बिंदुसरा | मंगळवार, दुपारी १२:४०

@जिनिंग_परभणी, उन्हाळ्यातली एरर धरायची नाही हे धोक्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गूगलच्या सर्व्हरांवरचा एक मोठा अभ्यास २००९ साली आला. त्यात साधारण एक तृतीयांश मशीनवर आणि ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर वर्षभरात निदान एक सीई आली होती. म्हणजे सीई दुर्मीळ नाही. तापमानाचा परिणाम त्यांनी वेगळा काढून बघितला, वापराचा भार लक्षात घेतल्यावर तो अगदी थोडा उरला. सगळ्यात कामाचा निष्कर्ष हा, की ज्या स्टिकवर एक सीई आली तिच्यावर त्याच महिन्यात आणखी एक येण्याची शक्यता १३ ते २२८ पट होती. आणि सीई आलेली असली की यूई येण्याची शक्यता ९ ते ४०० पट. चुका सगळ्या स्टिकांवर सारख्या पसरत नाहीत, थोड्या स्टिका पुन्हा पुन्हा चुकतात. ऊन तर सगळ्या स्टिकांना सारखंच लागतं. तुमच्या एररी एकाच स्लॉटवर येत असतील तर कारण ऊन नाही, ती स्टिक आहे.

आता दुसरी बाजू. तो अभ्यास डेटा सेंटरचा होता, आपला पत्र्याचा खण नव्हे. डीरॅमच्या प्रत्येक पेशीतला विद्युतभार गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळात पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये ८५ अंश सेल्सिअसपर्यंत ही मुदत ६४ मिलिसेकंद, त्याच्या वर चिप गेली की ३२. हे ८५ अंश चिपचे, खोलीचे नाहीत. खोली ४३ ला असताना वारा नीट फिरत असेल तर स्टिक तिथवर जाऊ नये. पण जिनिंगमध्ये कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत बसतात, हीटसिंकवर थर धरतात, मग मात्र आत काय तापमान आहे ते बाहेरून कळत नाही. स्टिकवर सेन्सर असेल तर त्याचा आकडा सीईच्या नोंदीशेजारीच साठवा. पंखे हंगामात वरचेवर साफ करा. आणि इंजिनिअरना सांगा की कारण काहीही असो, एरर धरायचीच.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

नांदेडहून. आमच्या कॉलेजात "सर्व्हर" म्हणजे चांगला डेस्कटॉपच आहे. निकालाचे गुण त्याच्यावर असतात. रॅम डीडीआर५. विक्रेत्यानं सांगितलं की डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच, वेगळी घ्यायची गरज नाही. ईडॅकमध्ये (लिनक्सच्या रॅममधल्या चुका मोजणाऱ्या भागात) काही दिसत नाही म्हणजे एकही चूक नाही, असं मी धरू का?

वाळूज_रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:०५

धरू नका सर. डीडीआर५ च्या चिपच्या पोटात ईसीसी असते हे खरं, दर १२८ बिटांमागे ८ जादा बिट. पण ती चिप बनवणाऱ्यांच्या सोयीची आहे, बारीक पेशींतल्या चुका आतल्या आत झाकायला. चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या तारेवर काही बिघडलं तर तिला कळत नाही, आणि आत काय दुरुस्त केलं ते ती कर्नलला कळवत नाही. खऱ्या ईसीसी स्टिकवर जादा चिपा असतात, डीडीआर५ मध्ये ३२ बिटांच्या दोन उपवाहिन्या आणि प्रत्येकीला सहसा ८ जादा बिट. तुमच्या ईडॅकमध्ये काही दिसत नाही कारण तिथे दाखवणारंच कुणी नाही.

गुणांचा डेटा असेल तर पुढच्या खरेदीत ईसीसी लिहून घ्या. अनबफर्ड ईसीसी चालणारे स्वस्त सर्व्हर मिळतात. तोवर सुट्टीत एक रात्र मेमटेस्ट चालवा, आणि गुण भरल्यावर छापील यादीशी ताळा ठेवा. रजिस्टर्ड स्टिक स्वस्तात मिळाली म्हणून डेस्कटॉपला आणू नका, ती त्यात चालत नाही.

हिमरू | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

आता नोंदीबद्दल कुणीतरी नीट लिहा ना. नेमकं काय साठवायचं आणि कुठे, हेच धाग्याच्या नावात आहे आणि तेच राहिलंय.

बिंदुसरा | मंगळवार, रात्री ९:५०

लिहितो, मोठं होईल.

"मेमरी एरर आली" एवढ्या नोंदीचा काही उपयोग नाही. शेतात रोग पडलाय एवढंच सांगितलं तर कृषी सहायक काय करणार, गट नंबर सांगावा लागतो. रॅमचंही तसंच आहे: कुठला प्रोसेसर, कुठला चॅनल, कुठला स्लॉट, स्टिकवर कुठली रँक (चिपांचा गट), चिपमधली कुठली बँक (पेशींचा विभाग), ओळ आणि स्तंभ, भौतिक पत्ता, चुकीचा प्रकार, वेळ. आणि स्टिकचा सिरियल नंबर. हा शेवटचा मी आग्रहानं सांगतो, कारण स्टिक एका स्लॉटमधून दुसऱ्यात गेली की स्लॉटचा इतिहास तिच्या मागे जात नाही. डीएमआय डीकोड या हुकमातून तो मिळतो, रोज एकदा यादी काढून ठेवा.

ओळ-स्तंभ का हवेत? सगळ्या चुका एकाच पत्त्यावर असतील तर एक पेशी गेलीय. एकाच ओळीवर किंवा एकाच स्तंभावर असतील तर तेवढी वाहिनी. वेगवेगळ्या बँकांत पसरल्या असतील तर चिप किंवा जोडणी, आणि तिथे थांबायचं नाही, बदलायचं. नुसती संख्या बघून हा फरक कळत नाही. एकाच पेशीच्या हजार चुका या दहा ठिकाणच्या दहा चुकांहून कमी गंभीर असू शकतात.

लिनक्सवर हे काम रासडीमन करतो. जुना एमसीईलॉग आता वापरू नका. रासडीमनला रेकॉर्डचा पर्याय द्या म्हणजे तो सगळं एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये ठेवतो, रिबूटनंतरही राहतं. ईडॅकचे आकडे मात्र रिबूटला शून्य होतात, म्हणून नुसते ईडॅक बघणाऱ्यांना दर रिबूटनंतर सर्व्हर निरोगी वाटतो. प्रोमिथियस (देखरेखीची यंत्रणा) असेल तर नोड एक्स्पोर्टर हे आकडे आपोआप उचलतो. विंडोज सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरच्या नोंदी बघा, दुरुस्त झालेल्या मेमरी एररचा क्रमांक ४७.

आता एक जागा जिथे भले भले फसतात. कित्येक सर्व्हरांत सीई आधी बायोसकडे जाते आणि बायोसच्या मर्जीनं पुढे. बायोसची स्वतःची मर्यादा असते, तिच्या आत असेपर्यंत ते कर्नलला कळवतच नाही. म्हणजे ईडॅक शून्य दाखवतं आणि बीएमसीच्या (बोर्डावरच्या देखरेखीच्या वेगळ्या चिपच्या) एसईएलमध्ये, म्हणजे तिच्या लॉगमध्ये, नोंदी पडून असतात. म्हणून दोन्ही वाचा. एसईएलची जागा मर्यादित असते, काही बीएमसी ती भरली की नवीन नोंद घेणंच बंद करतात. "करेक्टेबल लॉगिंग लिमिट रीच्ड" असं दिसलं तर त्याचा अर्थ चुका थांबल्या असा नाही, मोजणं थांबलंय. एसईएल नियमित उतरवून दुसरीकडे जमा करा, मग साफ करा. उतरवण्याआधी साफ करणाऱ्यांनी पुरावाच पुसलेला असतो.

बीएमसीचं घड्याळही बघा. ते बऱ्याचदा यूटीसीवर असतं, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे साडेतीनला काटा बंद पडला आणि एसईएलमध्ये आदल्या रात्री दहाची नोंद, मग दोघांचा संबंध कुणाला जोडता येत नाही. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं) बीएमसीलाही द्या.

कारखाना_ईडीपी | बुधवार, सकाळी ७:२०

सिरियल नंबरचं मला फार पटलं. वॉरंटीत स्टिक मागितली की समोरून "नवीन ड्रायव्हर टाका, बायोस अपडेट करा, मग बघू" असं ऐकायला मिळतं. स्लॉट, सिरियल, तारखा असा कागद हातात असता तर बोलणं लवकर संपलं असतं. आता थ्रेशोल्ड किती ठेवायचा ते सांगा. किती सीई झाल्या की बदलायची?

वाळूज_रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:४०

पुड्यावरचे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये मुळात दिलेले, आकडे आधी देतो. एमसीईलॉग एका पानावर २४ तासांत १० सीई झाल्या की ते पान वापरातून काढायचा. रासडीमनमध्ये ती मर्यादा २४ तासांत ५०. पान काढणं म्हणजे त्यातला मजकूर दुसऱ्या पानावर हलवून मूळ पान कायमचं बाजूला ठेवणं, यात कुठलाही प्रोग्रॅम मरत नाही. मेटानं, तेव्हाच्या फेसबुकनं, २०१५ साली आपल्या सर्व्हरांवरचा अभ्यास छापला. १२ हजारांहून जास्त सर्व्हरांवर पानं काढून बघितली तेव्हा चुकांचं प्रमाण ६७ टक्क्यांनी खाली आलं. म्हणजे उपाय फुकटचा आहे आणि चालतो.

त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. लिनक्सवर ही काढलेल्या पानांची यादी रिबूटला पुसली जाते. विंडोज ती बूट कॉन्फिगरेशनमध्ये जपून ठेवतं. आणि डेटाबेससाठी ह्यूज पेजेस राखून ठेवली असतील तर ४ केबीच्या एका खराब पानापायी २ एमबीचं अख्खं पान मोडू शकतं. तशा सर्व्हरवर आपोआप पान काढणं बंद ठेवून फक्त सूचना घ्यावी.

स्टिक बदलायला मी एकच आकडा पाळत नाही. एखादीच सीई आली आणि महिनाभर पुन्हा नाही तर सोडतो, बाहेरून आलेल्या कणांनीही बिट उलटतात. तीच स्टिक दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसली तर नवीन स्टिक मागवून ठेवतो. पसरायला लागली किंवा एकही यूई आली तर पहिल्या सवडीला बदलतो. हंगामात असाल तर निदान सुटी स्टिक कारखान्यात आणून ठेवा, लातूर-सोलापूरला ऐनवेळी सर्व्हरची स्टिक मिळेलच असं नाही.

हिमरू | बुधवार, सकाळी ९:१५

सीईचा पूर आला तर? आमच्याकडे एकदा एका स्टिकवर इतक्या येत होत्या की क्वेरी अडखळायला लागल्या. डेटाबेसवाल्यांना वाटत होतं इंडेक्स बिघडला.

बिंदुसरा | बुधवार, दुपारी १:१०

होतं तसं. प्रत्येक सीईला प्रोसेसरला इंटरप्ट जातो, म्हणजे हातातलं काम थांबवावं लागतं. सीई आधी बायोसकडे जात असेल तर ते त्या वेळेपुरते सगळेच कोर थांबवून आपलं काम करतो, त्या अडखळण्याचा लॉग कर्नलमध्ये येतच नाही. इंटेलवर पूर आला की कर्नल स्वतःच इंटरप्ट सोडून ठरावीक वेळानं जाऊन बघायला लागतो. तेवढ्या वेळात आकडे कमी दिसतील, पण "स्टॉर्म" अशी ओळ लॉगमध्ये पडते. त्या ओळीवरच अलार्म लावा. लोक यावर एक चुकीचा उपाय करतात, सीईचं रिपोर्टिंगच बंद करून टाकतात. क्वेरी परत वेगात चालतात आणि सगळे खूश. पण स्टिक तिथेच आहे, आणि यूईच्या आधी मिळणारी सूचना गेली. पूर आला की रिपोर्टिंग ठेवा, स्टिक काढा.

संशय स्टिकवर आहे की स्लॉटवर हे बघायला तिची जागा दुसऱ्या स्टिकशी बदला. चुका स्टिकबरोबर गेल्या तर स्टिक खराब, जुन्याच स्लॉटवर राहिल्या तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना. काढताना स्टिकचे सोनेरी संपर्क आणि स्लॉट बघून घ्या, कधी कधी नीट बसवल्यावरच थांबतं.

जिनिंग_परभणी | बुधवार, संध्याकाळी ७:००

रासडीमन टाकला. एक स्टिक दिसतेय, पण नाव "सीपीयू सोर्स शून्य, एमसी एक, चॅनल शून्य, डिम शून्य" असं येतंय. बोर्डावर ए१, बी१ असं छापलंय. कुठली काढू?

वाळूज_रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ७:४०

आत्ता कुठलीच काढू नका. लेबल फाइल भरलेली नाही म्हणून तसं दिसतंय. आधी डीएमआय डीकोड चालवा, त्यात प्रत्येक स्लॉटचं बोर्डावरचं नाव आणि त्यातल्या स्टिकचा सिरियल नंबर येईल. मग रास-एमसी-सीटीएलनं लेआउट काढा. दोन्ही इथे टाका, सिरियल नंबरचे शेवटचे आकडे झाकून. बोर्डाचं मॉडेलही लिहा. कंट्रोलर आणि चॅनलचा क्रम बोर्डावरच्या छापील क्रमासारखाच असेल असं नसतं, बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी लावून बघावा लागतो. तक्ता जुळला की लेबल फाइल मी लिहून देतो, ती लेबलांच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नोंदणीचा हुकूम चालवा. पुढच्या एररला थेट बी१ किंवा जे असेल ते नाव येईल. मग तीच काढा.